बाटलीतली चमक : केसगळतीवरच्या एका नॅनो लोशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मागच्या रांगेत एक छोटं युनिट आहे. लायसन्स फक्त बाहेरून लावायच्या औषधांचं : मलम, खाजेचं लोशन, गजकर्णाची पावडर. स्वतःच्या नावाचा माल थोडा, दुसऱ्यांच्या नावाने भरून द्यायचा जास्त. मालकांना सगळे भाऊ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. मी फार्मसी कॉलेजात शिकवते आणि दर शनिवारी दुपारी तिथे सल्ला द्यायला जाते. ओळख पटू नये म्हणून इकडचं तिकडचं बदललं आहे. चुका मात्र होत्या तशाच ठेवल्या आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी माझी आहे.

युनिटचा बऱ्यापैकी चालणारा माल म्हणजे मिनॉक्सिडिलचं ५ टक्के द्रावण. हे औषध मुळात रक्तदाबाचं. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर नको तिथे केस यायला लागले, आणि तिथून ते डोक्यावर लावून बघायची कल्पना निघाली. अमेरिकेत गोळीला १९७९ मध्ये मान्यता मिळाली, डोक्यावर लावायच्या २ टक्के द्रावणाला १९८८ मध्ये. आता धंतोली-रामदासपेठेतल्या स्किनच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर ते रोज दिसतं.

अडचण

२०२४ च्या दिवाळीनंतर एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारा आमचा प्रतिनिधी, तक्रार घेऊन आला. त्याने ती एका दमात सांगितली : "खाज सुटते, केसावर पांढरं पांढरं जमते, आणि पेशंट दोन महिन्यांत सोडून देते." आम्ही ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. एक वाक्य म्हणजे एक दुखणं, असं धरून चाललो. पुढचं सगळं इथेच बिघडलं, पण ते कळायला नऊ महिने लागले.

खाज आणि पांढरेपणा यांचं कारण मला ठाऊक होतं. मिनॉक्सिडिल पाण्यात फारसं विरघळत नाही. एक मिलिलिटर पाण्यात जेमतेम २ मिलिग्रॅम जातं आणि ५ टक्क्यांच्या लोशनमध्ये ते ५० मिलिग्रॅम हवं असतं. म्हणून अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल घालावं लागतं. अल्कोहोल काही मिनिटांत उडून जातं, ग्लायकॉल चिकट होऊन मागे राहतं आणि औषधाचे स्फटिक केसांवर कोंड्यासारखे बसतात. काही जणांच्या त्वचेला ग्लायकॉल सोसत नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. सकाळी लोशन लावायचं, वर स्कार्फ गुंडाळायचा, त्यावर हेल्मेट चढवून वर्धा रोडवरून गाडी हाणायची. न खाजवलं तरच नवल.

भाऊंचं उत्तर तयार होतं. "मॅडम, मार्केटमधी सगळे नॅनो-नॅनो करून राहिले. आपणच काऊन मागं राहाचं?"

युनिटच्या क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, एम.फार्म. झालेली एक मुलगी होती. तिचा कॉलेजचा प्रकल्प लिपिड नॅनो-कणांवरच, म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म कणांवरच होता. तिचे डोळे चमकले. खरं सांगायचं तर माझेही.

नॅनोत तथ्य किती

थट्टा बाजूला ठेवली तर कल्पना भक्कम आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर १० ते २० मायक्रॉनचा, पण भिंतीसारखा. केस मात्र या भिंतीतून बाहेर येतो, म्हणजे त्याच्या कडेने आत जायला एक चिंचोळी वाट असते. या वाटेला केशकूप म्हणू. औषध हवं असतं तेही या कूपाच्या तळाशीच.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या लाडेमान यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं, की ३२० नॅनोमीटरचे कण मालिश केल्यावर कूपात साध्या द्रावणापेक्षा खोल उतरतात, आणि १० दिवसांपर्यंत तिथे साठून राहतात. द्रावणाचा साठा ४ दिवसांपर्यंतच टिकला. मालिश केली नाही तर कणांना ही आघाडी मिळत नाही. त्यांचा अंदाज असा : केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे खवले असतात, अर्ध्या मायक्रॉनच्या, म्हणजे ५०० नॅनोमीटरच्या आसपास जाडीचे. चोळताना केस हलतो आणि खवले दातेरी चाकासारखे कणांना आत ढकलत नेतात. म्हणून खवल्यांच्या मापाच्या जवळपासचे कण बरे.

म्हणजे इथे जितकं बारीक तितकं चांगलं असा हिशोब नाही. भाऊंना लेबलवर "५० नॅनोमीटर" हवं होतं, आकडा लहान की किंमत मोठी. त्यांना पटवायला दोन शनिवार गेले. शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, गिरणीच्या पट्ट्याचे दात आणि चाकाचे दात जुळले नाही तर पट्टा नुसताच घसरतो." ते लगेच कळलं. त्यांच्या वडिलांची इतवारीत पिठाची गिरणी होती.

आणखी एक गोष्ट मी तेव्हाच सांगितली होती, याचं मला समाधान आहे. कण औषधाला दारापर्यंत नेतो, औषध बदलत नाही. मिनॉक्सिडिलला कूपात गेल्यावर सल्फोट्रान्सफरेज नावाच्या विकराकडून (एन्झाइमकडून) सल्फेट रूप घ्यावं लागतं, तेव्हा कुठे ते काम करतं. ज्यांच्याकडे हे विकर कमी, त्यांना वाहन कितीही भारी दिलं तरी फरक बेताचाच.

समोरचे पर्याय

डिसेंबरात आम्ही चार वाटा मांडल्या. आहे तेच द्रावण चालू ठेवून ग्लायकॉल कमी करणं. ग्लायकॉल नसलेला फेस (फोम) काढणं, जो बाजारात आधीपासून मिळतो. मिनॉक्सिडिलचे लिपिड नॅनो-कण करणं. आणि चौथी वाट भाऊंच्या मेहुण्याची : नॅनो-कणांतच फिनास्टेराइडही घालायचं, "दोन्ही टाकून द्या, एकदमच काम होते."

चौथी वाट मी तिथल्या तिथे बंद केली. फिनास्टेराइड हे पुरुषांतल्या टकलावरचं औषध, गरोदर बाईने त्याला हातही लावू नये अशी त्याची ख्याती. डोक्यावर लावलेलं उशीवर जातं, टॉवेलवर जातं, घरातल्या लेकरांच्या अंगाला लागतं. शिवाय ज्या वाहनाने ते कूपात साठून राहणार, त्याच वाहनाने शरीरात किती झिरपेल हे मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. पुढे एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, फार्मसीत तयार करून दिल्या जाणाऱ्या फिनास्टेराइडच्या लोशनांबद्दल इशारा काढला, तेव्हा मेहुण्यांनी मला स्वतःहून फोन केला.

फेसाची वाट सगळ्यात साधी होती. पण ती कुणालाच रंजक वाटली नाही. चर्चा तीन तास चालली, त्यात फेसाला दहा मिनिटं मिळाली असतील.

त्यातच जानेवारी उजाडला आणि बुलढाण्याहून बातम्या आल्या. शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात येत होते. आधी पाण्यावर संशय, बुरशीवर संशय, मग रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट गेलं. सगळ्या विदर्भात एकच विषय. भाऊंचा फोन दिवसभर वाजत होता. "मॅडम, हाच टाइम आहे." मी सांगितलं की हा आजारच वेगळा, तिथे मिनॉक्सिडिलचा काही संबंध नाही. ते त्यांना पटलं, पण घाई मनात बसली ती बसलीच. साडेचार लाखांना एक जुनं हाय प्रेशर होमोजिनायझर, म्हणजे दाबाखाली कण बारीक करणारं मशीन, आलं. दोन महिने थांबून आधी कॉलेजच्या मशीनवर काम करू, असं मी म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

काय केलं

पद्धत ऐकायला सोपी आहे. घन लिपिड आणि थोडं तेल एकत्र वितळवायचं, आम्ही ग्लिसरिल मोनोस्टिअरेट आणि ओलिक अॅसिड घेतलं. त्यात औषध घालायचं. दुसरीकडे तेवढंच गरम केलेलं पाणी, त्यात ट्वीन ८०, तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ. दोन्ही एकत्र घुसळून गरम असतानाच दाबाखाली बारीक चिरेतून पार करायचं. थंड झालं की दुधासारखं पांढुरकं पाणी मिळतं, त्यात गोठलेल्या चरबीचे कण. तेल मुद्दाम घालतात. निव्वळ घन चरबी गोठताना हळूहळू फार नीटस स्फटिक करते आणि आतल्या औषधाला जागाच उरत नाही, ते बाहेर फेकलं जातं. तेलामुळे रचना जरा अस्ताव्यस्त राहते आणि औषध आत टिकतं.

अडचण एवढीच की मिनॉक्सिडिलला चरबीचंही विशेष प्रेम नाही. ते धड पाण्याचं नाही, धड तेलाचं नाही. आमच्या कणांत २ टक्क्यांच्या वर औषध बसेना. भाऊंना ५ हवं होतं. तिथे आम्ही २ वर थांबलो आणि "कूपात जास्त पोचलं तर २ ही पुरेल" या आशेवर पुढे गेलो. आशेचं गृहीतक कधी झालं ते कळलंही नाही.

मुलीने मेहनत अशी घेतली की सांगता सोय नाही. चाचणीसाठी डुकराच्या कानाची त्वचा लागते, तिचे केशकूप माणसाच्या जवळचे. पण खाटीक केस काढायला उकळतं पाणी टाकतात आणि त्याने त्वचा बाद होते. म्हणून ही पोरगी पहाटे साडेपाचला स्कुटीवर जायची, पाणी टाकायच्या आधी कान मागून घ्यायची, बर्फाच्या डब्यात घालून आणायची. पहिल्या दिवशी खाटकाने तिला विचारलं, "ताई, काय कराचं याचं?" ती म्हणाली, "केस उगवाचं औषध." तो इतका हसला की पुढे कधी पैसे घेतले नाहीत.

कानावर लोशन चोळायचं, वरचा थर चिकटपट्टीने एकेक करून सोलायचा, आणि मग झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकून वाळला की उपटायचा. कूपातला सगळा ऐवज गोंदासोबत बाहेर येतो, बारीक काट्यांसारखा. तो विरघळवून त्यात औषध किती ते मोजायचं. फेब्रुवारीत आकडे आले. आमच्या २ टक्के नॅनोमधून कूपात पोचलेलं औषध बाजारातल्या २ टक्के द्रावणापेक्षा स्पष्टपणे जास्त होतं, आणि त्वचेतून आरपार गेलेलं कमी. कणांचं माप ३०० च्या आतबाहेर. युनिटमध्ये हल्दीरामचे पेढे वाटले गेले. डुकराच्या सहा कानांवरचे पेढे, असं मी म्हटलं खरं, पण दोन खाल्ले.

परवानगीचा प्रश्न

इथे सगळ्यात कठीण निर्णय होता आणि तो आम्ही उशिरा घेतला. भाऊंचा समज असा की मिनॉक्सिडिलचं लायसन्स आहेच, त्याच लायसन्समध्ये आणखी एक प्रॉडक्ट जोडून घेऊ. तसं होत नाही. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत मान्यता मिळालेल्या औषधाची नवी वाहक-पद्धत हेही "नवीन औषध" धरलं आहे. बाकीची नवी औषधं चार वर्षांनी त्या यादीतून सुटतात, या गटाला ती सुटका नाही. म्हणजे रस्ता दिल्लीहून, केंद्रीय परवाना अधिकाऱ्यांकडून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांच्या कसोटीला उतरायचं तर कणांचं माप, साठवणीतली स्थिरता, सुरक्षितता, सगळ्याचे कागद हवेत. माणसांवरच्या चाचण्यांशिवाय हे पुढे सरकणार नव्हतं, आणि तो खर्च या युनिटच्या दोन वर्षांच्या उलाढालीएवढा.

एका सल्लागाराने शॉर्टकट सुचवला. लेबलवरून मिनॉक्सिडिल काढा, "नॅनो हेअर सीरम" लिहा, कॉस्मेटिक म्हणून विका. आत औषध असायचंच, फक्त नाव नाही. भाऊ त्या दिवशी गप्प होते. चहा थंड झाला. मग म्हणाले, "माझ्या पोरीच्या डोक्याले लावीन का मी हे, न सांगता?" विषय तिथे संपला. त्यांच्यावर मी पुष्कळदा वैतागले आहे, पण ही गोष्ट त्यांच्या खात्यावर लिहून ठेवायलाच हवी.

मग मे आला

नमुने तीन ठिकाणी ठेवले होते : फ्रीजमध्ये, चाचणीच्या कपाटात ४० अंशांवर, आणि काही बाटल्या पत्र्याच्या गोदामात, कारण शेवटी माल तिथेच राहणार. जलद चाचणीसाठी ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असं सहा महिने ठेवायचं असतं. हे ४० अंश ज्यांनी ठरवले ते मे महिन्यात नागपूरला आले नसावेत. आपल्याकडे ते सावलीतलं तापमान.

मेच्या दुसऱ्या शनिवारी मुलगी गोदामातली ११ नंबरची बाटली घेऊन आली. काही न बोलता खिडकीच्या उजेडात धरली आणि हळूच तिरपी केली. दुधाळ पाण्यात रेशमी चमक होती, साडीचा पदर फिरवल्यावर धावते तशी. दिसायला सुंदर. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं तर सुयाच सुया. मिनॉक्सिडिल कणांतून बाहेर पडून स्फटिक झालं होतं. लिपिड दिवसा मऊ, रात्री घट्ट, असं महिनाभर चाललं आणि दर फेरीत औषध थोडं थोडं बाहेर ढकललं गेलं. गोदामातली दुसरी एक बाटली तर जेलीसारखी थिजली होती. फ्रीजमधल्या बाटल्या उत्तम होत्या. पण केसांचं लोशन फ्रीजमध्ये ठेवा म्हणून कुणाला सांगणार? इथे इन्सुलिन ठेवतानाही जागेवरून भांडणं होतात.

म्हणजे ज्या पांढऱ्या कणांपासून सुटका हवी होती, तेच आम्ही बाटलीच्या आत तयार केले होते.

उशिरा केलेले फोन

जूनमध्ये काम थांबलं. हात रिकामे होते म्हणून मुलीने सुचवलं, की ज्यांनी औषध सोडलं त्यांना विचारून तर पाहू. दोन डॉक्टरांनी आपल्या पेशंटची परवानगी घेऊन नंबर दिले. २३ जणांशी बोलणं झालं. हे काही संशोधन नव्हे, वहीतली टिपणं आहेत, पण ती वाचून मी बराच वेळ बसून राहिले.

खाजेमुळे सोडणारे पाच. पांढरेपणामुळे तीन. दोघांना महाग वाटलं, दोघांना कंटाळा आला. उरलेल्या अकरा जणांनी सोडलं ते केस जास्त गळायला लागले म्हणून. मानेवाड्याचा एक मुलगा म्हणाला, "पंधरा दिवसांत उशीवर एवढे केस, की आईनं बाटलीच फेकली."

ही गळती औषधाच्या कामाचाच भाग आहे. केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांतीत असतो आणि गळतो. मिनॉक्सिडिल विश्रांतीतल्या मुळांना लवकर जागं करतं, नवा केस खालून येताना जुन्याला ढकलून देतो. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात हे दिसतं. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं तर मिळवलेलं काही महिन्यांत जातं. कॉलेजात मी हे दर वर्षी शिकवते. आमच्या खोक्यातल्या इंग्रजी कागदावर ते सहा पॉइंटच्या अक्षरात छापलेलंही होतं. नॅनो-कणांनी औषध कूपात जास्त पोचवलं असतं, तर ही सुरुवातीची गळती कमी होण्याचं काहीच कारण नव्हतं.

त्या अकरांपैकी चौघांना आधी डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला होता. तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती बहुतेकदा आपोआप थांबते. त्यांना मिनॉक्सिडिल लागत होतं का, हा प्रश्न डॉक्टरांचा, मी तो फक्त त्यांच्यापर्यंत पोचवला.

निष्पत्ती

नॅनो लोशन बाजारात आलं नाही. ग्लायकॉल नसलेल्या फेसाचा अर्ज गेला आहे. द्रावणाच्या खोक्यात आता मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांचा कागद असतो. पहिलं वाक्य : "पहिले दोन महिने केस जास्त गळतील. घाबरू नका, थांबवू नका, शंका आली तर डॉक्टरांना विचारा." खाली ड्रॉपरवरच्या १ मिलिलिटरच्या रेघेचं चित्र, लावल्यावर हात धुवा, लहान मुलांना लागू देऊ नका, आणि घरात मांजर असेल तर तिने चाटू नये, कारण मांजरांना हे औषध जिवावर बेततं. मांजराची ओळ भाऊंना हसण्यावारी न्यायची होती, मुलीने हट्टाने ठेवली. एमआर म्हणतो सोडणारे कमी झालेत. खाजेच्या तक्रारी आहेत तेवढ्याच आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

एमआरचं ते वाक्य डिसेंबरातच तीन ओळींत लिहून प्रत्येकीपुढे "किती जणांना?" असं विचारलं असतं, तर मशीन आलंच नसतं. ते काम माझं होतं. मला उत्तर आवडलं होतं, म्हणून मी प्रश्न तपासला नाही.

गोदामातली परीक्षा पहिल्याच आठवड्यात घ्यायला हवी होती. थंडीतही ओव्हन आणि फ्रीज आलटून पालटून वापरून मे महिन्याची नक्कल करता येते, त्याला दहा-बारा दिवस पुरतात. आम्ही कानांच्या मागे लागलो कारण ते आकडे सुखावणारे होते. परवानगीचा नियमही पेढ्यांच्या आधी वाचता आला असता.

लिपिड बदलून, जास्त तापमानाला वितळणारं घेऊन हे जमलं असतं का? कदाचित. मुलगी आता पीएच.डी.साठी तेच करते आहे, आणि मला वाटतं तिची जागा तिथेच आहे, एमआयडीसीतल्या पत्र्याखाली नाही.

होमोजिनायझर सध्या सनस्क्रीन लोशनच्या बॅचना लागतं. ११ नंबरची बाटली माझ्या टेबलावर असते. परवा भाऊंचा पुतण्या आला होता, नुकताच एमबीए झालेला. त्याने ती उचलली, उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "काय शाइन आहे नं मॅडम! हे काऊन नाही विकून राहिले आपण?"